फळीवरचे शेजारी

निवृत्त मनुष्य घरांतील माणसांना किती जड होतो, याची कल्पना स्वतः निवृत्त झाल्यावांचून येत नाहीं. मीं चौतीस वर्षें एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत काढलीं. इतका काळ पुस्तकांना आपापल्या जागीं बसविण्यांत गेल्यावर हाताला एक खोड लागते. जी वस्तु दिसेल तिला तो क्रमांक देऊं पाहतो. जी जागा रिकामी दिसेल तिच्यावर चिठ्ठी चिकटवूं पाहतो. ग्रंथालय सुटलें, खोड सुटली नाहीं. पहिल्या महिन्यांत मीं घरांतलीं पुस्तकें लावलीं. दुसऱ्यांत विजेचीं बिलें, घरपट्टीच्या पावत्या आणि तीन पिढ्यांचीं छायाचित्रें यांचा निकाल लागला. तिसऱ्या महिन्यांत लावण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, तेव्हां माझी दृष्टि स्वयंपाकघराकडे वळली.

तेथील व्यवस्था पाहून मला प्रथम अचंबा वाटला आणि मग कींव आली. बोर्नव्हिटाच्या डब्यांत शेंगदाणे, डालडाच्या जुन्या पिवळ्या डब्यांत पोहे, आणि ज्या डब्यावर ‘चहा’ अशीं अक्षरें कोरलेलीं आहेत त्यांत साबुदाणा! रवा, बेसन आणि पिठीसाखर यांची एका फळीवर जूट. सुंठ आणि ओवा मधाच्या बाटलीला टेकून बसलेले. आणि एका वाटोळ्या मिसळणाच्या डब्यांत मोहरी, जिरें, हळद, तिखट, हिंग, मेथी आणि धनेपूड असे सात भिन्न विषय एकाच झांकणाखालीं नांदत होते. मीं पत्नीला विचारलें, “ह्या मांडणीमागं तत्त्व तरी कोणतं?” ती पोळ्या लाटीत होती. “हात नेला कीं सांपडतं, हें,” ती म्हणाली. हें तत्त्व नव्हे, ही संवय आहे, असें मला वाटलें. आणि संवयीवर शास्त्रानें विजय मिळवावा, ह्या मताचा मी त्या वेळीं होतों.

पुढें ती आठ दिवस मुलीकडे नागपुरास गेली. संधि पुन्हां येणार नव्हती. बाजारांतून मीं छत्तीस बरण्या आणल्या. सर्व एका मापाच्या, पारदर्शक आणि चौकोनी. चौकोनी कां, याचेंहि गणित मीं केलें होतें. चौरस जागेंत गोल डबा ठेवला तर एक पंचमांशाहून थोडी अधिक जागा चार कोपऱ्यांत वाया जाते. छत्तीस डब्यांच्या कोपऱ्यांची बेरीज करा म्हणजे आमच्या पूर्वजांनीं कांहीं शतकें किती जागा फुकट घालविली तें कळेल! प्रत्येक बरणीवर मीं सुबक अक्षरांत छापलेली चिठ्ठी लावली आणि सर्व जिन्नस बाराखडीच्या क्रमानें मांडले. आमसुलांपासून आरंभ, हिंगावर समाप्ति. मिसळणाचा डबा रद्द करून त्यांतल्या सातहि जणांना स्वतंत्र बिऱ्हाडें दिलीं. तांदळाला कीड लागूं नये म्हणून लावण्याची बोरिक पावडर न्हाणीघराच्या माळ्यावर एका कागदी पुडींत पडली होती. स्वयंपाकघरांतल्या वस्तूशीं जिचा संबंध ती स्वयंपाकघराबाहेर कां, असा विचार करून मीं तिलाहि बरणी दिली. जुने डबे पोत्यांत बांधून माळ्यावर टाकले.

मला आधार नव्हता असें नाहीं. शिस्तशीर स्वयंपाकघर ही कल्पना शंभर वर्षांची आहे. ऑस्ट्रियांतील मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की ह्या स्त्री-वास्तुशिल्पकारानें १९२६ सालीं फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर आंखलें. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतला मुदपाकखाना तिच्या डोळ्यांसमोर होता. दोन पावलांत चूल, दोन पावलांत मोरी, आणि भिंतीशीं ॲल्युमिनियमचे लहान लहान खण, प्रत्येकावर आंतल्या जिनसाचें नांव. पिठाचा खण मात्र ओक लांकडाचा, कारण त्या लांकडानें पिठांतली कीड दूर राहते. तशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें त्या शहरांत बांधलीं गेलीं. हें सर्व मीं मोठ्या आदरानें वाचलें होतें. त्याच बाईंनीं उत्तरायुष्यांत मोकळेपणानें सांगितलें आहे कीं, तें स्वयंपाकघर आंखण्यापूर्वीं आपण कधीं घर चालविलें नव्हतें आणि स्वयंपाकहि केला नव्हता. हा मजकूर माझ्या वाचनांत जरा उशिरां आला.

पत्नी परत आली. दारांत उभी राहून तिनें सर्व फळ्या वरपासून खालपर्यंत पाहिल्या. “छान दिसतंय,” एवढेंच म्हणाली आणि चहा करायला गेली. चहा ‘च’मध्यें होता आणि साखर ‘स’मध्यें, म्हणजे एक दाराजवळच्या वरच्या फळीवर आणि दुसरी खिडकीखालच्या तळच्या फळीवर. वेलदोडे ‘व’मध्यें. एका कपासाठीं तिला वर्णमालेची बरीचशी यात्रा करावी लागली. फोडणीच्या वेळीं तेल तापून धूर येई आणि मोहरी, हिंग, हळद ह्या तिघी तीन दिशांनीं धांवत येत. तरी ती बोलली नाहीं. संसारांत कांहीं गोष्टींवर बोलण्यापेक्षां त्या आपोआप मोडूं द्याव्या, असा तिचा अनुभव असावा.

आतां आईविषयीं. माझी आई ब्यायशीं वर्षांची आहे. वाईचें घर बंद करून ती आमच्याकडे आली त्याला तीन वर्षें झालीं होतीं. काचबिंदूनें तिची बाजूची नजर हळूहळू खाल्ली होती. समोर, एखाद्या नळींतून पाहावें तेवढें दिसे, आणि तेंहि धुक्यांतल्यासारखें. ह्या रोगांत गेलेली नजर परत येत नाहीं. उरलेली सांभाळायची, इतकेंच वैद्यांच्या हातीं असतें. पण स्वयंपाकघरांत ती आल्यापासून सहज वावरत असे. दिवसां उजेडांत, पत्नी जवळपास असली म्हणजे, आमटीला फोडणी देणें, चटणी वाटणें हें तिचें चाले. मला त्यांत विशेष असें कांहीं कधीं वाटलें नाहीं. वाटावयास हवें होतें. डोळ्यांनीं न दिसणाऱ्या छत्तीस वस्तु एखादें माणूस रोज न चुकतां हातांत घेतें, ह्याचा अर्थ ग्रंथपालानें तरी लावायला हवा होता.

मे महिन्याच्या सुटींत नागपूरची मुलगी आपल्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन येणार होती. आईच्या मनांत आलें कीं, पणतीसाठीं बेसनाचे लाडू आपण करावे. पत्नी बँकेंत गेली होती. मी बाहेर वर्तमानपत्र वाचीत होतों. बेसन तुपांत भाजल्याचा वास घरभर पसरला. कच्चेपणा जाऊन त्यांत तो खमंगपणा आला, तेव्हां आंतून सराट्याचा आवाज थांबला. आई बाहेर येऊन खुर्चींत बसली. “हात भरून आले,” म्हणाली. पत्नीनें येऊन कढईंतल्या बेसनांत साखर मिसळली आणि लाडू वळले. मीं दोन खाल्ले आणि आईच्या हाताची चव अजून तशीच आहे, असें मोठ्यानें म्हणालों. ती कांहीं बोलली नाहीं.

त्यानंतर ती स्वयंपाकघरांत गेली नाहीं. ग्रंथालयांत रोज येणारा वाचक चार दिवस दिसला नाहीं तर मी शिपायाकडून चौकशी करवीत असें. घरांत माझी आई तीन आठवडे स्वयंपाकघरांत फिरकली नाहीं आणि तें माझ्या लक्षांत आलें नाहीं. पत्नीच्या आलें. तिनें आईला खोदून विचारलें, आणि त्याला सांगायचें नाहीं ह्या अटीवर आईनें सांगितलें. पत्नीनें ती अट त्याच रात्रीं मोडली, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहें.

घडलें तें असें. पत्नीच्या जुन्या मांडणींत बेसनाशेजारीं पिठीसाखर असे. आईच्या हाताला तें ठाऊक होतें. बेसन तिला वासानें सांपडलें. नंतर संवयीनें तिनें शेजारची बरणी उचलली, वाटी भरून घेतली आणि कढईंत उलटण्यापूर्वीं एक चिमूट बोटांवर चोळली. पिठीसाखर बोटांना किंचित् खरखरते आणि मग घामानें चिकटते. ही वस्तु संगजिऱ्यासारखी सरकली. तिनें वाटी परत बरणींत ओतली, दोनदां हात धुतले आणि बाहेर येऊन बसली. ती बोरिक पावडर होती. बाराखडींत बडीशेप, बेदाणे, बेसन, बोरिक असा क्रम लागतो, आणि मीं तो बिनचूक लावला होता. बरणीवर चिठ्ठीहि होती. स्वच्छ, ठळक, शुद्ध. ही पावडर पोटांत जाणें मोठ्या माणसालाहि वाईट. लहान मुलाला तर ती थोडीहि घातक ठरूं शकते. पणती आली त्या दिवशीं पहिला लाडू तिच्याच हातांत ठेवला होता.

“नजर गेली त्याचं एवढं नाहीं,” आई पत्नीला म्हणाली होती, “पण हातावरचा भरंवसा गेला तर मग मी आंत जाऊन काय करूं?”

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वाईच्या घराचें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें येत राहिलें. कृष्णेच्या बाजूला लहानशी खिडकी, एरवीं अंधार. भिंतींत फडताळ, आढ्याला शिंकें, दुधादह्याचें जाळीचें कपाट आणि मुंग्या चढूं नयेत म्हणून त्याच्या चारी पायांखालीं पाण्याच्या वाट्या. कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड. खालीं सर्वांत मोठें, त्यावर त्याहून लहान, असें चढत जाऊन शेवटीं तांब्याएवढें. वरचें मडकें हेंच खालच्याचें झांकण. तळच्या मडक्यांत वर्षाचें बियाणें, कारण तें वर्षांतून एकदांच काढायचें. वर रोजच्या डाळी. उतरंडींतल्या कोणत्या तरी मडक्यांत आजीचे पैसे असत. कोणत्या, तें आजोबांनाहि ठाऊक नव्हतें. आज कोणी ह्या रचनेचें चित्र काढून जागा वांचविण्याची युक्ति म्हणून छापलें तर लोक वाहवा करतील. त्या काळीं ती युक्ति आहे, असें कोणाला वाटलें नाहीं. शिवाय ती सगळी सोयीचीच होती असेंहि मी म्हणणार नाहीं. अर्धी मांडणी सोंवळ्याओंवळ्यानें ठरविलेली होती आणि अर्धी सत्तेनें. लोणच्याची बरणी उंच फळीवर. ती मुलांच्या हाताला लागूं नये म्हणून, तशी सुनांच्याहि.

कोठीच्या किल्ल्या आजीच्या कंबरेला असत. आई १९६१ सालीं त्या घरांत आली. देशांत किलोग्रॅमचीं मापें येऊं लागलीं होतीं, पण आजी पितळेच्या चिपट्यामापट्यानेंच रोजचें धान्य मोजून देई. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर. त्यांत पाहुणा आला तर पुन्हां विचारावें लागे. किल्ल्या आईच्या हातीं आल्या त्या १९७९ सालीं. अठरा वर्षें तिनें त्या काळोख्या खोलींत दुसऱ्यानें नेमून दिलेल्या जागांवरून डबे काढले आणि ठेवले. मग तिनें आपली मांडणी केली. मला आठवतें, त्या दिवशीं घरांत दुपारपर्यंत चूल पेटली नाहीं. आई एकेक डबा हातांत घेई, क्षणभर थांबे आणि त्याला जागा देई. प्रत्येक डबा निराळा. एकाची कडी सैल, एकाला पोंचा, एकाचें झांकण दुसऱ्याच डब्याचें. तेव्हां तिची दृष्टि शाबूत होती. पण पहाटे दिवा न लावतां काम करायची त्या घराची रीत असल्यामुळें हे दोष तिच्या हाताला अक्षरांसारखे वाचतां येऊं लागले असले पाहिजेत. आमच्याकडे आल्यावर पत्नीचे डबे तिनें असेच शिकून घेतले. कोणी शिकविले नाहींत. सासूनें सुनेची मांडणी मुकाट्यानें पाठ केली. आणि मीं छत्तीस सारख्या बरण्या आणून ती लिपीच पुसून टाकली.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही कीं, हा अपराध माझ्या शास्त्राच्या आज्ञेवरूनहि झालेला नव्हता. बाराखडीचा क्रम ज्याला नांव ठाऊक आहे त्याच्या सोयीचा. वाईंतच ज्याचें कार्यालय आहे त्या मराठी विश्वकोशाची रचना अकारविल्हे आहे, आणि ती योग्यच आहे. तेथें वाचक शब्द घेऊन येतो. पण फळीवरचीं पुस्तकें अशीं लावीत नाहींत. त्यानें सगोत्रांची ताटातूट होते आणि परके मांडीला मांडी लावून बसतात. म्हणून तर विषयवार वर्गीकरण निघालें. ड्यूईच्या दशांश पद्धतींत अन्नपदार्थ ६४१ ह्या अंकाखालीं येतात आणि घराची झाडलोट व निगराणी ६४८ खालीं. ड्यूईनेंसुद्धां बेसन आणि बोरिक यांना एका फळीवर ठेवलें नसतें! रंगनाथन यांनीं १९३१ सालीं मद्रासला ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. पुस्तकें उपयोगासाठीं आहेत, हें त्यांतलें पहिलें. वाचकाचा वेळ वांचवा, हें चौथें. हीं सूत्रें मीं नव्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षें शिकविलीं. रवा, बेसन, पिठीसाखर ही जूट म्हणजे लाडवांचा विभाग होता आणि मिसळणाचा डबा म्हणजे संदर्भ-विभाग. रोज लागणारे सात ग्रंथ हाताशीं, एकत्र. हें पत्नीला कोणत्याहि सूत्रावांचून कळलें होतें आणि मला पांच सूत्रांसह कळलें नाहीं.

सकाळीं मीं तिला म्हटलें, “मी सगळं पूर्ववत् करतों.”

“तुम्ही कांहीं करूं नका,” ती म्हणाली. “हें स्वयंपाकघर तुमचं नाहीं आणि आईंचंहि नाहीं. तीस वर्षं इथं मी उभी आहें. मला कोणी विचारलं होतं?”

ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आईला किल्ल्यांसाठीं अठरा वर्षें थांबावें लागलें म्हणून मी रात्रभर हळहळलों होतों. माझ्या पत्नीच्या हातून तिच्या किल्ल्या मीं आठ दिवसांत काढून घेतल्या, त्याहि ती गांवीं गेली असतां, ही गोष्ट त्या हळहळींत कोठेंच नव्हती.

रविवारीं मीं माळ्यावरचें पोतें उतरलें. आईला खुर्चीवर बसविलें. ती यायला तयार नव्हती. पत्नीनें हात धरून आणली. मग दोघींनीं मांडणी केली आणि मी हमालाचें काम केलें. पत्नी डबा आईच्या हातांत देई, आई तो चांचपून बोटाच्या पेरानें वाजवी, हलवून आवाज ऐके. तूरडाळ आणि हरभऱ्याची डाळ यांच्या आवाजांत फरक असतो, हें मला त्या दिवशीं समजलें. मूगडाळ तर जवळजवळ पावसासारखी वाजते. दोघींत वादहि झाले. रोजचा तांदूळ खालीं असावा, असें आईचें मत. वांकून पत्नीची कंबर दुखते. तांदूळ कंबरेच्या उंचीवर राहिला. त्याच्या बदल्यांत गूळ आईच्या म्हणण्याप्रमाणें दाराशीं आला. आईनें फळ्यांना कांहीं नांवें दिलीं नाहींत. पण बोलण्याच्या ओघांत ती म्हणत होती, हें रोजचं, हें सणाचं, हें आजाऱ्याचं. ‘आजाऱ्याचं’ म्हणजे मेतकूट, जुना तांदूळ, साबुदाणा, सुंठ, ओवा आणि मध. कोणत्याहि वर्गीकरणांत हा वर्ग मला आढळलेला नाहीं. हे जिन्नस तिनें सर्वांत सोप्या जागीं ठेवविले. कोणी आजारी पडलें म्हणजे स्वयंपाकघरांत नवखा माणूस शिरतो, त्याला शोधायला लावूं नये, असें तिचें कारण.

बोरिकची बरणी पत्नीनें मला हातांत दिली आणि घराबाहेर नेऊन टाकायला सांगितली. तांदळांत आतां कडुलिंबाचा वाळलेला पाला असतो. बाकीच्या बरण्यांपैकीं बाराएक राहिल्या, पण त्यांच्या गळ्याला दोघींनीं खुणा केल्या आहेत. रव्याला एक रबर, पिठीसाखरेला दोन, मिठाला सुतळीची गांठ. मिसळणाचा डबा परत आला. मोहरी मधोमध.

शेवटीं मी उरलेल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या नखानें खरवडूं लागलों. आवाज ऐकून आईनें मान वळविली.

“काय करतोस?”

“चिठ्ठ्या काढतोंय.”

“राहूं देत कीं,” ती म्हणाली. “तुला लागतील.”

पत्नी हंसली, फार दिवसांनीं हंसली. आई पुन्हां आंत जाऊं लागली आहे, पण गॅस पेटविणें तिनें आपण होऊन सोडलें. त्याविषयीं ती बोलत नाहीं आणि आम्ही विचारीत नाहीं. पणती दिवाळींत पुन्हां येणार आहे. बेसन पत्नी भाजील, साखर आई घालील, असें दोघींचें ठरलें आहे. लोणच्याची बरणी कोठें असावी याचा निकाल मात्र अजून लागलेला नाहीं. सध्यां ती माझ्या पुस्तकांच्या कपाटांत, कोशांच्या शेजारीं आहे.